मॅनिफोल्डचा तुटलेला स्टड: हेड उतरवण्याआधी काय करून पाहावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१३ ची डिझेल गाडी, ४ सिलिंडर, टर्बो, अ‍ॅल्युमिनियमचे हेड (इंजिनाचा वरचा भाग). रोज नाशिक ते इगतपुरी ये-जा. सकाळी गाडी सुरू केली की टिक-टिक आवाज, गरम झाली की आवाज कमी. गॅरेजमध्ये एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला धूर गोळा करून टर्बोकडे नेणारा भाग) खोलायला घेतला आणि तो हेडला धरून ठेवणारे दोन्ही टोकांचे स्टड, म्हणजे डोके नसलेले आट्यांचे बोल्ट, तुटले. एक साधारण ६ एमएम बाहेर उरला आहे, दुसरा हेडच्या पातळीपेक्षा २ एमएम आत तुटला आहे. मॅनिफोल्ड आता उतरवलेला आहे. मिस्त्री म्हणतात हेड उतरवावे लागेल, आणि तुम्ही विचारता की उतरवू द्यावे का.

आज तरी उतरवू देऊ नका. तुमच्या इंजिनात मॅनिफोल्ड रेडिएटरच्या बाजूला आहे, म्हणजे समोरून हात, ड्रिल आणि वेल्डिंगची टॉर्च जाते. अशा जागेवरचे तुटलेले स्टड बहुतेक वेळा गाडीवरच निघतात. हेड उतरवले की नवी हेड पॅकिंग, बऱ्याच इंजिनांत हेडचे नवे बोल्ट, टायमिंगचे काम, कूलंट, ऑइल असे सगळे मागोमाग येते, आणि ज्या हेडला काही झालेले नव्हते ते उघडले जाते. तुमच्या मिस्त्रींना मी दोष देत नाही. स्टड तुटल्यावर पुढे हात लावायला ते थांबले, हे त्यांनी चांगलेच केले. पुढचा अर्धा तास घाईत गेला असता तर काम खरोखरच हेडवर गेले असते.

आधी स्टड टोकाचेच का तुटले ते समजून घ्या, कारण मूळ दोष तसाच ठेवून नवे स्टड बसवले तर तेही तुटतील. मॅनिफोल्ड बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचे. लोड घेऊन चढ चढताना मॅनिफोल्ड ५००–६०० अंशांपर्यंत तापतो, हेड मात्र पाण्यामुळे शंभराच्या आसपास राहते. ४० सेंटीमीटर लांबीचा बिडाचा मॅनिफोल्ड ५०० अंशांनी तापला तर तो सुमारे २ एमएम लांब होतो. हेड तेवढ्या लांबीत पाऊण एमएमसुद्धा वाढत नाही. हा फरक मधल्या स्टडला जाणवत नाही, टोकाच्या दोघांना तो रोज आडवा वाकवतो. म्हणूनच कंपन्या मॅनिफोल्डची टोकाची छिद्रे मोठी किंवा लांबट ठेवतात. त्यात गंज भरला, किंवा कुणी पाइप लावून नट आवळले, की मॅनिफोल्डला सरकायला वाव राहत नाही आणि भार थेट स्टडवर येतो.

इगतपुरीचा पाऊस आपल्याला ठाऊक आहे. तापलेला मॅनिफोल्ड, खालून उडणारे पाणी, पुन्हा ताप, असे ४ महिने चालते. त्यात वॉशिंग सेंटरवर गाडी आल्या आल्या बॉनेट उघडून गरम इंजिनावर प्रेशरने पाणी मारतात. माझ्याकडे येणाऱ्या तुटलेल्या स्टडच्या गाड्यांत मी हे नेहमी विचारतो आणि उत्तर बहुतेकदा 'हो' असते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो. आट्यांमध्ये मुळातच केसाएवढी फट असते. तिथे गंज फुगला की तो पाचर मारल्यासारखा स्टडला धरतो. पान्याने जोर लावता तेव्हा तुम्ही ही पाचर सोडवत नसता, फक्त स्टड पिळत असता. ८ एमएमचा, ८.८ ग्रेडचा नवा कोरा स्टडसुद्धा ३५–४० न्यूटन मीटरच्या आसपास पिळून तुटू शकतो. ४० सेंटीमीटरच्या दांड्यावर १० किलोचा जोर दिला की तेवढे भरते. आणि तुमचा स्टड दहाहून जास्त वर्षे तापून, गंजून बारीक झालेला होता.

माझे उस्ताद एकच वाक्य सारखे म्हणायचे: "अरे, तो फिरायला तयार झाला का ते बघ, मग फिरव." गेली सत्तावीस वर्षे मी हेच काम करतो आहे, आणि या वाक्यापलीकडे फार काही शिकलो असे वाटत नाही. स्टड निघतो तो उष्णतेने, ठोक्यांनी आणि वेळ दिल्याने. पाना शेवटी फक्त बाहेर आणायला लागतो.

आता बाहेर आलेल्या स्टडकडे. हा सोपा आहे, म्हणूनच तो बिघडवू नका. व्हाइस ग्रिप (चावून धरून राहणारी पकड) लावून लगेच पिळू नका. आज संध्याकाळी त्याच्या मुळाशी गंज सोडवणारे तेल मारा, छोट्या हातोडीने टोकावर सरळ दहा-पंधरा हलके ठोके द्या, पुन्हा तेल. उद्या सकाळी पुन्हा तेच. ठोक्यांनी गंजाच्या थराला बारीक तडे जातात आणि तेल आत उतरते. नुसते तेल मारून दहा मिनिटांत पाना लावणारे लोक तेलाला नावे ठेवतात, त्याला वेळच दिलेला नसतो. बाजारातले डब्ब्यातले तेल चालते. ऑटोमॅटिक गिअरचे तेल (एटीएफ) आणि अ‍ॅसिटोन समसमान मिसळून मीही वापरतो, पण ते पेट्रोलसारखे पेटते. ते मारल्यावर त्या दिवशी तिथे गॅस किंवा वेल्डिंग नाही, आणि दुसऱ्या दिवशीही आधी क्लोरीन नसलेल्या ब्रेक क्लीनरने पुसून, वाऱ्याने पूर्ण सुकवून मगच ज्योत.

तेलाने भागले नाही तर उष्णता. इथे अ‍ॅल्युमिनियमचे हेड असल्याची जाणीव मिस्त्रींना हवी. लोखंड लाल होऊन इशारा देते. अ‍ॅल्युमिनियम रंग बदलत नाही, एकदम बसते. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि हेडची मिश्रधातू त्याच्याही आधी मऊ पडते. म्हणून गॅसची ज्योत हेडवर कधीच नाही. बारीक नोजल, ज्योत फक्त स्टडच्या टोकावर, तीही थोडा वेळ. इंडक्शन हीटर मिळाला तर उत्तम, तो मुख्यतः लोखंडच तापवतो. टोक मंद लाल झाले की ज्योत काढा, लाली जाऊ द्या, आणि मुळाशी मेणबत्ती टेकवा. वितळलेले मेण आट्यांत ओढले जाते. मग चांगल्या दातांच्या व्हाइस ग्रिपने, आधी आवळण्याच्या दिशेला किंचित, मग सोडण्याच्या दिशेला. पाव फेरा पुढे, थोडा मागे, पुन्हा तेल. हाताला स्प्रिंगसारखे लागले, म्हणजे पाना फिरतो आहे पण सोडला की परत येतो आहे, तर तिथेच थांबा. स्टड पिळला जातो आहे, फिरत नाही. पुन्हा तापवा.

आत तुटलेला स्टड हे खरे काम. इथे बहुतेक जण ड्रिल उचलतात. माझ्या हिशेबात ड्रिल हा दुसरा पर्याय आहे. पहिला आहे वेल्डिंग, आणि तुमचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे असणे इथे तुमच्या बाजूचे आहे. लोखंडाच्या वायरचा रस अ‍ॅल्युमिनियमला धरत नाही. त्यामुळे सीओटू वेल्डिंगने (तारेच्या, म्हणजे मिग वेल्डिंगने) स्टडच्या तोंडावर मधोमध थेंब टाकून तो वर आणता येतो आणि हेडच्या आट्यांना तो चिकटत नाही. बिडाच्या हेडला हे सरळ लागू होत नाही, तिथे रस भिंतीला धरू शकतो. तुमच्या शेजाऱ्याच्या जुन्या जीपवर कुणी हे करून पाहू नये.

पद्धत अशी. बॅटरीचे दोन्ही टर्मिनल काढायचे. वेल्डिंगची अर्थिंगची वायर बंपरला किंवा चेसिसला न लावता हेडलाच, कामाच्या जवळ लावायची, म्हणजे करंट बेअरिंगमधून आणि सेन्सरच्या वायरीमधून फिरत नाही. एक्झॉस्टची चारही तोंडे पत्र्याने झाकायची. ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा असेल तिथे वेल्डिंगचा एक खडा सीटवर पडला तर कॉम्प्रेशन जाते. टर्बोचे तोंडही असेच बंद. वायरी, होस, प्लास्टिक यांवर ओले गोणपाट, आणि आग विझवायचा सिलिंडर हातापाशी, दुकानाच्या दुसऱ्या टोकाला नाही. स्टडचे तोंड वायर ब्रशने आणि त्याच क्लोरीन नसलेल्या क्लीनरने चकचकीत करून पूर्ण सुकवायचे. तेल राहिले तर वेल्ड फुसका बसतो.

मग मधोमध एक थेंब, थांबा, दुसरा थेंब, असे करत २ एमएमची खोली भरून हेडच्या पातळीच्या थोडे वर यायचे. त्यावर एक वायसर, वायसरच्या छिद्रातून पुन्हा वेल्ड, आणि त्यावर १० एमएम आट्यांचा नट ठेवून नटाच्या आतून भरायचे. ८ चा नट ठेवला तर छिद्र अरुंद पडते आणि टॉर्चची वायर स्टडपर्यंत न जाता नटाच्याच भिंतीला लागते. वरून वेल्ड सुंदर दिसतो, पाना लावला की नट हातात. नट काळा, साधा घ्यायचा. जस्ताचा मुलामा असलेल्या नटाचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो.

वेल्ड झाल्या झाल्या पाना लावू नका. स्टड आतून लाल असताना तो मऊ असतो, पिळून तुटेल. लाली पूर्ण जाऊ द्या, मेण लावा, आणि हाताला चटका बसेल इतपत गरम असताना पुढे-मागे सुरू करा. या कामात खरी कमाल वेल्डच्या पकडीपेक्षा उष्णतेची असते. स्टड तापून फुगतो, गंज चिरडतो, थंड होताना आकसतो, आणि पाचर ढिली होते. म्हणून पहिला नट तुटून आला तर हातातले काम सोडू नका. दुसरा लावा, तिसरा लावा. माझ्या एका ग्राहकाच्या गाडीवर सहाव्या नटाला स्टड निघाला. प्रत्येक नटाबरोबर तो एकदा जास्त तापला होता, तेवढे काम आधीच्या पाच नटांनी केले होते.

हे काम कुणाकडून करून घ्यायचे? ज्याचा हात सीओटूवर बसलेला आहे त्याच्याकडून. गेट-ग्रिल करणारा वेल्डर उत्तम असेल, पण त्याला मोकळ्या जागेची सवय असते. अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत फिक्स्चर आणि डाय दुरुस्त करणारे वेल्डर आहेत, बारीक जागेत थेंब टाकणे हे त्यांचे रोजचे काम. तुमच्या मिस्त्रींना अशा माणसाला गॅरेजवर बोलवायला सांगा. नाशिकमध्ये राहण्याचा हा फायदा आहे, तो घ्यावा.

वेल्डिंगने नाहीच निघाला तर ड्रिल. ड्रिलमध्ये एकच गोष्ट महत्त्वाची: मध्य. स्टड पोलादाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचे. ड्रिल जरा कडेला गेले की त्याला मऊ अ‍ॅल्युमिनियम सापडते आणि ते तिकडेच पळते. हाताने, डोळ्यांनी मध्य साधला असे मी कधी समजत नाही. टर्नरकडून ड्रिलला सरळ धरणारी पोलादी नळी, म्हणजे बुश, करून घ्यावा, आत ३.२ एमएमचे छिद्र. बरेच लोक मॅनिफोल्डच परत चढवून त्याच्या छिद्रात बुश बसवतात. मधल्या स्टडला ही युक्ती छान चालते. तुमच्या टोकाच्या छिद्रांना नाही, कारण वर सांगितले तसे ती मुद्दाम मोठी असतात, आणि त्यात बसवलेला बुश मध्य दाखवत नाही. त्यासाठी शेजारच्या दोन चांगल्या स्टडवर बसणारी १०–१२ एमएम जाडीची पट्टी करून घ्या आणि मापे हेडवरूनच घ्या. मॅनिफोल्डची पॅकिंग समोर धरून माप घेऊ नका, तिची छिद्रेही सैल असतात.

ड्रिल कोबाल्टचे घ्या, फेरे कमी ठेवा, जोर सरळ ठेवा, तेल द्या. उलट्या हाताचे ड्रिल मिळाले तर तेच वापरा. ते सोडण्याच्या दिशेने फिरते, आणि बऱ्याचदा छिद्र अर्धे होतानाच स्टड स्वतःहून फिरून बाहेर येतो. शेजारचा स्टड किती खोल आहे ते मोजून ड्रिलवर तेवढ्यावर टेप लावा. काही इंजिनांत ही छिद्रे पाण्याच्या जॅकेटपर्यंत जातात. आधी ३.२, मग ५, मग ६.५ एमएमचे ड्रिल. ८ एमएम, १.२५ पिचच्या आट्यांसाठी कोअर (आटे पाडण्याआधीचे छिद्र) ६.८ चा असतो, म्हणून ६.५ ला थांबलात तर आटे वाचतात आणि उरलेली पातळ नळी टोकदार छिन्नीने आत दुमडून काढता येते. मग हाताने टॅप (आटे पाडायचे हत्यार), अर्धा फेरा पुढे, पाव मागे. कीस टर्बोत किंवा एक्झॉस्टच्या तोंडात जाणार नाही, एवढे पुन्हा पाहा.

आता इझी-आऊटबद्दल, म्हणजे ड्रिल केलेल्या स्टडमध्ये घालून उलटे फिरवायच्या कडक काडीबद्दल, कारण कुणी ना कुणी तुम्हाला ते सुचवणारच. धंद्याच्या चौथ्या वर्षी मी एका गाडीच्या हेडमध्ये इझी-आऊट तोडले. गंजलेल्या स्टडमध्ये ते ठोकून बसवले, टॅप हँडल लावले, आणि कट्ट असा आवाज आला. इझी-आऊट कडक पोलादाचे असते, त्यावर साधे ड्रिल घसरते, ओरखडाही उठत नाही. दुसरे म्हणजे ते पाचरीसारखे आत जाते आणि ड्रिल केलेल्या स्टडला आतून फुगवते, म्हणजे स्टड आणखी घट्ट. त्या गाडीचे हेड मला उतरवून द्यावे लागले, खर्च माझा झाला, आणि त्या माणसाची गाडी आठवडाभर उभी राहिली. त्याची मुलगी दहावीची परीक्षा रिक्षाने देत होती. ते मी विसरलेलो नाही. जो स्टड गंजाने इतका धरला आहे की पूर्ण जाडी असताना पिळून तुटला, तो त्याच्या अर्ध्या जाडीच्या कडक काडीने फिरणार नाही. नट जास्त आवळून किंवा धक्क्याने तुटलेला, आट्यांत मोकळा असलेला स्टड इझी-आऊटने निघतो. तुमचा तसा नाही.

हेड कधी उतरवावे, तेही सांगतो. ड्रिल कडेला जाऊन अ‍ॅल्युमिनियमात शिरले असेल, आत टॅप किंवा इझी-आऊट तुटले असेल, स्टडजवळ तडा दिसत असेल, किंवा मॅनिफोल्ड केबिनच्या बाजूला असून हात जात नसेल, तर हट्ट करू नये. तुटलेला कडक तुकडा स्पार्क मशीनवर जाळून निघतो. टूलरूममध्ये ही मशीन असतात, पण हेड त्यांच्या तेलाच्या टाकीत मावते का हे आधी विचारून घ्या. आटे गेले असतील तर हेलिकॉइल (तारेच्या गुंडाळीचे नवे आटे) बसवता येते, ८ एमएमसाठी ८.३ चे ड्रिल आणि त्याचा स्वतःचा टॅप. नीट बसवलेले हेलिकॉइल अ‍ॅल्युमिनियमच्या मूळ आट्यांपेक्षा जास्त टिकते, त्याला कुणी जुगाड म्हटले तर मनावर घेऊ नका.

स्टड निघाले की उरलेले जुने स्टडही बदला. त्यांनीही तेवढीच वर्षे काढली आहेत. मात्र न तुटलेले स्टड काढतानाही हाच क्रम: तेल, ठोके, उष्णता, मग पाना.

बसवण्याआधी मॅनिफोल्डच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घाला. तुमची टोके तुटली आहेत, म्हणजे मॅनिफोल्ड वाकलेला असण्याची शक्यता बरीच आहे. मर्यादा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये मिळेल, जास्त निघाला तर सरफेस ग्राइंडिंग करून घ्या. वाकलेला मॅनिफोल्ड नटाने ओढून सपाट करायचा प्रयत्न म्हणजे पुढच्या तुटलेल्या स्टडची तयारी. टोकाच्या छिद्रांतला गंज कानशीने साफ करा. सायलेन्सरचे रबर हँगर आणि इंजिनाचे माउंटिंग पाहा. रबर तुटले असेल तर पुढच्या पाइपचे सगळे वजन मॅनिफोल्डवर लटकते. उष्णता अडवणारा पत्रा आणि खालचा ब्रॅकेट कुणी काढून ठेवला असेल तर परत लावा.

नवे स्टड हाताने बसवून फक्त टेकवायचे, आवळून जाम करायचे नाहीत. आट्यांना निकेलची अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी) पेस्ट, पातळ थर. तांब्याचीही चालते, पण टर्बोच्या गाडीला मी निकेलचीच लावतो. पेस्ट लावली की घर्षण कमी होते, त्यामुळे कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्क (आवळायचा ठरलेला जोर) तसाच लावला तर स्टड जास्त ताणला जातो. मी सुमारे वीस टक्के कमी ठेवतो. पॅकिंग नवी, नट नवे. आवळताना मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे, तीन टप्प्यांत, टॉर्कच्या पान्याने. इम्पॅक्ट गन या कामात नको. २००–३०० किलोमीटरनंतर इंजिन पूर्ण थंड असताना एकदा नट तपासून घ्या.

आणि काम होईपर्यंत गाडी इगतपुरीला नेऊ नका. तात्पुरता मॅनिफोल्ड चढवून, दोन स्टडविना 'चालेल' असे कुणी म्हणाले तरी नाही. गळका एक्झॉस्ट बॉनेटखाली साठतो आणि ब्लोअरची हवा काचेच्या खालून, तिथूनच आत येते. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि पावसात तुम्ही काचा बंद करूनच जाणार. वेल्डर गॅरेजवर येत नसेल तर गाडी टो करून त्याच्याकडे न्या.